पाचशे नव्वद मिळवा

काचीगुडा, हैदराबाद
७ मार्च १९४९

श्री. मुकुंदराव परचुरे साहेब यांस, मुक्काम पुणे,
एकनाथ कदम, हेडक्लार्क, याचा नमस्कार.

पत्र पाहून आपल्या कपाळाला आठी पडेल. आपल्याला इथून परत बोलवावं म्हणून एकतीस जणांनी जो अर्ज केला, त्यावर पहिली सही माझी होती. आपण ते जाणता आणि मीही लपवत नाही. म्हणून तब्येतपाण्याची चौकशी करण्याचं नाटक करत नाही. काम आहे म्हणून लिहितो आहे.

आमचे रेकॉर्डकीपर भगवंतराव आपल्याला आठवत असतील. काळी शेरवानी, कानात अत्तराचा बोळा. आपण त्यांना चारचौघांत 'चालतं कपाट' म्हणायचात. आपण गेल्यावर आठच दिवसांनी, २० जानेवारीला, वरच्या कचेरीतून त्यांच्या नावे हुकूम आला. त्यात असं आहे की त्यांचा जन्म एप्रिल १८९३ चा, म्हणजे गेल्या एप्रिलातच त्यांना निवृत्तीची पंचावन्न पुरी झाली. तरी ते वय लपवून नऊ महिने खुर्चीत बसून राहिले. त्याच दिवशी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. तेवीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो जुडगा दुसऱ्याच्या हातात मी पहिल्यांदा पाहिला.

भगवंतरावांचा जन्म १८९३ चा नाही, १८९४ चा आहे. चूक कशी झाली ते आपल्याला अजून कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. आमच्या सरकारी कागदांवरचं फसली साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यात बदलतं. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांत फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. जानेवारी लागला की इंग्रजी साल एकानं पुढे सरकतं, म्हणून उरलेल्या नऊ महिन्यांना ५९१ लागतात. आपण आलात नोव्हेंबरात. टेबलावरच्या कॅलेंडरात १९४८, आमच्या कागदांवर १३५८. आपण वजाबाकी केलीत आणि सगळ्या दफ्तराला तोंडी हुकूम सोडलात की, प्रत्येकानं आपापला नोकरीचा फॉर्म इंग्रजीत भरायचा आणि जन्मसालात सरसकट पाचशे नव्वद मिळवायचे. भगवंतरावांचा जन्म खुरदाद १३०३ चा, म्हणजे एप्रिलातला. त्यांचं एक वर्ष आपल्या हिशेबात वाहून गेलं.

आपण कुणाला विचारलं नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आता वरचे लोक म्हणतात, फॉर्म त्यांच्याच हातचा, खाली त्यांचीच सही, आणि तो आपण मंजूर केलेला. ज्यानं मंजूर केला त्यानंच चूक झाली असं लिहून दिलं तर बघू. आपल्या हातच्या चार ओळी पुरेत. नियम माझा होता, तोंडी दिला होता, चुकीचा होता, एवढंच. खऱ्या हिशेबानं भगवंतराव येत्या ३० एप्रिलला निवृत्त होतात. त्या दिवसाच्या आत हुकूम फिरला तर ते मानानं दरवाजातून बाहेर पडतील. नाही फिरला तर जन्मभर लबाड म्हणून राहतील.

उलट टपाली उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एकनाथ कदम


काचीगुडा
२२ मार्च १९४९

परचुरे साहेब,

पंधरा दिवस झाले. पुण्याचं टपाल तीन दिवसांत येतं, हे मला ठाऊक आहे.

आपण विचार करत असाल की ज्यांनी मला हाकललं त्यांच्यासाठी मी माझ्या हातानं माझी नालायकी का लिहून देऊ? बरोबर आहे. मीही आपल्या जागी असतो तर हाच विचार केला असता. पण भगवंतरावांनी आपलं काय बिघडवलं होतं? अर्जावर त्यांची सही नव्हती. मी दोनदा कागद पुढे केला, त्यांनी दोनदा परत सरकवला. म्हणाले, "पोरगा हाय तो. शिकंल." आपण एकोणतीस वर्षांचे होतात, त्यांच्या धाकट्या मुलाएवढे.

आपल्यावर एवढा राग का, असं आपण जाताना मला विचारलंत. मी म्हटलं, राग कसला साहेब. आता सांगतो.

ती घंटी. आपण येताच टेबलावर पितळेची घंटी ठेवलीत. आमच्याकडे साहेबाला काम असलं की चपरासी यायचा, "साहेबांनी याद केलंय" म्हणायचा. आधीचे साहेब काही देवमाणूस नव्हते. त्यांनी माझी बढती सहा वर्षं अडवून आपल्या भाच्याला चढवलं. त्यांच्यावर मी कमी जळलेलो नाही. पण त्यांनी मला कधी घंटी वाजवून उठवलं नाही, आणि रागावायचं असलं तर दार लावून रागावले. आपण भर हॉलमध्ये "कदम, हे काय लिहिलंय?" म्हणायचात आणि तीस माना वळायच्या.

आणि तो पहिला दिवस. आपल्याला आठवतो का? सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर सगळंच बदललं होतं, आणि आम्हाला कळलं की मराठी बोलणारा साहेब येतोय. आयुष्यभर उर्दूत लिहिलं, मराठी फक्त घरात राहिली. मी स्वागताचं भाषण मराठीत लिहिलं. तीन दिवस घरी पत्नी तारामतीसमोर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं झालंय. घाबरू नका." मी उभा राहिलो आणि म्हणालो, साहेबांनी तशरीफ आणली ही आम्हावर मेहरबानी आहे. आपण हसलात. "कदम, याला तुमच्याकडे मराठी म्हणतात होय?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो, हे जास्त वाईट.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग, असं आपल्याला वाटेल. पण राग असाच असतो.

भगवंतराव रोज येतात. दफ्तरात नाही, समोरच्या इराण्याच्या हॉटेलात. अकराला येऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसतात आणि पाचला घरी गौलीगुड्याला परत जातात. आमचे कागद बस्त्यांत, कापडात गाठी मारून ठेवलेले, आणि कुठला बस्ता कुठे हे फक्त त्यांनाच माहीत. एखाद्या मिसलीचे कागद सापडले नाहीत की चपरासी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जातो. ते सांगतात, उत्तरेकडची भिंत, खालून दुसरी फळी, लाल गाठ. एकदाही चुकले नाहीत. ज्यांनी लबाड म्हणून बाहेर काढलं त्यांचं काम ते बिनपगारी करतायत.

मी हॉटेलात जात नाही. हेडक्लार्कनं कामाच्या वेळी बाहेर जाणं बरं दिसत नाही.

चार ओळी पाठवा.

एकनाथ कदम


काचीगुडा
३१ मार्च १९४९

परचुरे साहेब,

आपलं कार्ड मिळालं. तीनच ओळी लिहिल्यात. 'मी विचारलं होतं. डिसेंबरातला तिसरा शनिवार होता. आठवून पाहा.'

कार्ड उघडंच असतं. ते आधी तारामतीनं वाचलं. मी जेवत होतो. तिनं विचारलं, "काय विचारलं होतं त्यांनी?" मी म्हटलं, दफ्तरातलं काहीतरी, मला आठवत नाही. ती दुसरी भाकरी वाढायची विसरली.

मला खरंच आठवत नाही. दफ्तरात रोज पन्नास गोष्टी विचारल्या जातात.

आपण त्या एका शनिवारावर बोट ठेवून सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात मारू बघत असाल तर तसं होणार नाही. मंजुरीची सही आपली आहे. तिच्या वर 'तपासले, बरोबर' असं लिहून माझी सही आहे हे खरं, पण ती हेडक्लार्कची नुसती रीत आहे. साहेबांचा हुकूम असल्यावर हेडक्लार्क काय तपासणार?

काल पाडवा झाला. दर पाडव्याला भगवंतरावांच्या सावित्रीबाई आमच्याकडे पुरणपोळ्या पाठवतात. बावीस वर्षांत एकदा चुकलं, त्यांची सासू गेली त्या वर्षी. काल आल्या नाहीत. तारामती दुपारपर्यंत दाराकडे बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "आपणच जाऊन येऊ का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

इकडे नवे साहेब आलेत, मद्रासकडचे. त्यांना हॉटेलातली गोष्ट कुणीतरी सांगितली. त्यांनी चपराशाला ताकीद दिली की काढलेल्या माणसाला सरकारी कागदाबद्दल विचारलं तर नोकरी जाईल. सोमवारपासून कुणी रस्ता ओलांडत नाही. भगवंतराव मात्र येतातच. माझ्या खिडकीतून त्यांचं टेबल दिसतं. मी खुर्ची फिरवून घेतली आहे.

एक महिना उरला.

ए. कदम


काचीगुडा
११ एप्रिल १९४९

मुकुंदराव,

आज मी तुम्हाला साहेब लिहीत नाही. रागानं नाही. समोरासमोर बसून बोलल्यासारखं लिहायचं आहे, आणि साहेबाशी मला खरं बोलता येत नाही. त्याचीच ही सगळी कथा आहे.

मला आठवतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. शनिवार होता, दफ्तर अर्ध्या दिवसानं सुटलं होतं. मी कपाटाला कुलूप लावत होतो. तुम्ही घंटी वाजवली नाहीत. स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आलात, उभे राहिलात. हातात फॉर्मांचा गठ्ठा होता. हळू आवाजात म्हणालात, "एकनाथराव, हे तुमचे महिने एकदा मला समजावून द्या. मला वाटतं, कुठेतरी घोटाळा होतोय." कदम नाही, एकनाथराव. दोन महिन्यांत पहिल्यांदा. डोळे लाल झाले होते तुमचे. वरून रोज तारा येत होत्या की फॉर्म कुठे आहेत, हेही मला माहीत होतं.

मी म्हणालो, "साहेबांना सगळं माहीत आहे. आम्ही काय समजावणार? आमचं तर मराठीसुद्धा धड नाही."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. सोमवारी सगळ्या फॉर्मांवर सह्या झाल्या. त्या शनिवारी काचीगुड्यापर्यंत मी शीळ घालत चालत आलो. खोटं कशाला बोलू? मला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आमचा बेत असा होता की साहेबानं सांगितलं तसं बिनचूक करायचं. जिथे चुकतोय तिथे चुकू द्यायचं. वरची कचेरी फॉर्म तपासेल, चूक पकडेल, सगळा गठ्ठा साहेबाच्या अंगावर फेकेल आणि आम्ही गंमत बघू. वरच्या कचेरीतही तुमच्यासारखेच नवे लोक बसलेत, त्यांनाही खुरदाद म्हणजे काय ते माहीत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चूक कुणी पकडलीच नाही. ती सरळ भगवंतरावांवर येऊन पडली, कारण सगळ्यांत जास्त वय त्यांचं होतं.

'आमचा बेत' लिहिलं. तेही खरं नाही. बेत माझा होता.

फॉर्म भरायच्या दिवशी भगवंतराव माझ्याकडे आले. म्हणाले, "एकनाथा, हे हिसाब गलत हाय. खुरदादला एक्क्याण्णव लागतात. मी जाऊन साहेबाला सांगून येऊ काय?" मी म्हणालो, "नक्को. जैसा हुकूम तैसा भरा." ते म्हणाले, "अरे, पण माझं साल खोटं पडतंय." तेव्हा मी काय म्हटलं ते ऐका. मी म्हटलं, "भगवंतराव, हेडक्लार्क मी आहे का तुम्ही?"

तेवीस वर्षांची ओळख. मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो. ते परत आपल्या टेबलाशी गेले आणि भरला त्यांनी फॉर्म. दौतीत टाक बुडवून, त्या सुंदर अक्षरात, १८९३.

तुमच्या घंटीचा मला एवढा राग होता, आणि मी तर घंटीशिवायच काम भागवलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझा जन्म दै महिन्याचा आहे, नोव्हेंबरातला. मला पाचशे नव्वदच लागतात. तुमच्या चुकीनं माझ्या वयाला काहीच होणार नव्हतं. हे मला फॉर्म भरतानाही माहीत होतं.

परवा तारामतीनं कार्ड परत काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं आणि तुम्ही सांगितलं नाही. असंच ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग पुण्याला कशाला पत्रं लिहिताय? समोर रस्ता आहे."

आज मी रस्ता ओलांडला. भर अकरा वाजता, सगळ्यांच्या देखत. भगवंतरावांच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तुमचा शनिवार, माझी सही, माझा दै महिना. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "सही तुझी हाय, मला माहीत होतं. माझ्याच कपाटात होत्या ना त्या फॉर्मांच्या नकला. तुला काय वाटलं, अडीच महिने मी हितं चहा प्यायला बसतोय? तू कधी येतो ते बघत होतो."

मी तसाच उठलो, रस्ता ओलांडून परत आलो आणि नव्या साहेबांच्या खोलीत जबानी लिहून दिली. चूक ठाऊक होती, विचारल्यावर सांगितली नाही, सांगणाऱ्याला गप्प बसवलं, तपासले म्हणून खोटी सही केली. त्यांनी वाचली, वर बघितलं आणि विचारलं, "याचा परिणाम माहीत आहे?" मी म्हटलं, आहे.

पण माझ्या एकट्याच्या कागदावर वरचे लोक हलणार नाहीत. मंजुरी तुमची आहे. माझी जबानी मी नक्कल करून सोबत जोडली आहे. ती वाचून तुम्हाला जे वाटेल ते लिहा. मी सांगितलेल्या चार ओळी नकोत. तुम्ही विचारलं होतं, हेही लिहा. ते खरं आहे.

एकोणीस दिवस उरलेत.

एकनाथ


काचीगुडा
१ मे १९४९

मुकुंदराव यांस,
नमस्कार.

तुमचा कागद वरच्या कचेरीत २३ तारखेला पोचला. त्यांनी मला बोलावून वाचून दाखवला. नियम माझा, जबाबदारी माझी, एवढंच तुम्ही लिहिलं होतं. शनिवारचं एक अक्षर नाही. मी म्हटलं, साहेब, एक गोष्ट यात राहिली आहे. ते म्हणाले, "ती तुमच्या जबानीत आहे, पुरे."

२८ तारखेला हुकूम फिरला. वय लपवल्याचा शब्द काढला, मधले महिने रजेत धरले, आणि भगवंतरावांना दोन दिवसांसाठी परत रुजू करून घेतलं. मला हेडक्लार्कच्या जागेवरून उतरवून साधा क्लार्क केलं. माझ्या जागी जो आला तो बत्तीस वर्षांचा आहे. त्याला तुमची घंटी कपाटात सापडली, ती त्यानं पुसून टेबलावर ठेवली आहे. वाजली की मी उठतो. पहिल्यांदा उठताना जड गेलं.

काल भगवंतरावांचा शेवटचा दिवस. शनिवारच होता. काळी शेरवानी इस्त्री करून आले. सकाळभर त्यांनी नव्या माणसाला एकेक बस्ता दाखवला, एकेक गाठ सोडून परत बांधून दाखवली. चपराशानं हार आणला होता. नवे साहेब स्वतः बाहेर आले, इंग्रजीत दोन शब्द बोलले, आणि हात मिळवला. एकतीस माणसं उभी होती. भगवंतरावांनी सगळ्यांचा निरोप घेतला. कुणाच्या खांद्यावर हात ठेवला, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं, चपराशाला तर मिठीच मारली.

मी माझ्या टेबलाशी उभा होतो, आता दाराजवळच्या. सगळ्यांत शेवटी ते तिथे आले. मी हात जोडले. मला वाटलं होतं, एकनाथा म्हणतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पाया पडायला मी वाकणारसुद्धा होतो.

त्यांनी शेरवानीचं वरचं बटण लावलं, माझ्यापुढे जरा झुकले आणि म्हणाले, "येतो, साहेब."

आणि पायऱ्या उतरून गेले. मला साहेब म्हणणारा दफ्तरात दुसरा कुणी नाही आता.

तुम्ही तो शनिवार का लिहिला नाहीत, हे मी विचारणार नाही.

एकनाथ